स्पेसरने थारचं नाक वर आणताना

लिफ्ट किट बसवलं, तरी गाडीचं नाक खालीच? माणसं आणि सामान भरलं की गाडी सपाट यावी, म्हणून थारसारख्या गाड्यांची मागची बाजू सहसा मुद्दाम थोडी उंच ठेवतात. त्यात पुढे लोखंडी बंपर आणि विंच चढवली की फरक अजूनच डोळ्यांत भरतो.

२०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन आहे. शॉकचं खालचं टोक आर्मच्या अधेमधे टेकतं आणि चाक असतं टोकाला. त्यामुळे शॉकच्या माथ्यावर बसवलेला स्पेसर (जाड चकती) स्वतःच्या जाडीपेक्षा बराच जास्त उचलतो. जिमनीच्या सॉलिड अ‍ॅक्सलला मात्र स्प्रिंगवर जेवढी जाडी, जवळपास तेवढीच उंची. म्हणून एकीचं माप दुसरीला लावू नका. आधी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, मगच स्पेसर मागवा.

माथ्यावरच्या स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, हे मला फार आवडतं. पण चाक पूर्ण लटकलं की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. जॅकवर उचलून वरचा आर्म कुठे घासतोय का, ते बघाच. आणि व्हील अलाइनमेंट व हेडलाइट सेट केल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.