मुंगीच्या रक्तात काय असते?

गेल्या पालकसभेत एका भगिनीने मुलाबद्दलची माझी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाली, "टीचर, डोकं शिणवू नका. बापावर गेलाय, त्याच्या रक्तातच आहे ते." मुलगा शेजारीच उभा होता. त्याची मान खाली गेली.

आमच्या मासवणला आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी दिसतात. त्या पाने जोडून शिवतात. धागा अळ्यांचा. कामकरी मुंगी अळीला तोंडात धरून सुईसारखी फिरवते. हे कसब त्यांना कुणी शिकवत नाही, ते उपजतच. पण कोणते काम कुणी करायचे, हे वयावरही ठरते. सीमेवरच्या घरट्यांत पहाऱ्याला असतात त्या म्हाताऱ्या मुंग्या! आपल्याकडे मात्र आजीबाईंना कुणी सीमेवर पाठवत नाही.

राणी आणि दासी यांच्यातला फरक तरी खानदानी असेल? बहुतेक जातींत तोही नाही. अंडी एकाच राणीची. अळीला खुराक कसा मिळाला यावर पुष्कळसे ठरते.

याहून नवल आपल्याच पश्चिम घाटातल्या एका उडी मारणाऱ्या मुंगीचे. तिची जनुके 2010 मध्ये वाचून झाली. राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात, कधी महिनाभराहून अधिक. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. जिचे आयुष्य सुमारे सात महिन्यांचे, ती मग चार वर्षांपर्यंत जगते. मेंदू मात्र जवळजवळ पंचमांशाने आकसतो. शिकारीला जायचे नाही, तर तो पोसायचा कशाला? अमेरिकेतील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की तिला त्या पदावरून उतरवले तर मेंदू पुन्हा वाढतो आणि ती कामाला लागते. जनुके तीच. परिस्थिती बदलली, तसे त्यांतले काही जागे झाले, काही निजले.

म्हणून सारे तरबियतीवरच, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत पसरलेल्या अग्निमुंग्यांत वसाहतीत एकच राणी चालेल की अनेक, हे एका गुणसूत्रावरील जनुकांचा जुडगा ठरवतो. तिथे संगोपनाचे फारसे चालत नाही.

पुढच्या सभेला त्या भगिनीला मी शाळेमागच्या आंब्याखाली नेणार आहे. मुलालाही बोलावले आहे. त्या मुंग्या कडकडून चावतात, तेव्हा लांबूनच पाहू.