जाहीर किती, जमा किती?

गरीब देशांनी आपली जंगले राखावीत, असे सगळे जग सांगते. पण त्यापायी बुडणारे उत्पन्न कोणी भरून द्यायचे? दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरने २००७ साली हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत मांडला.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात इक्वेडोरचे यासुनी राष्ट्रीय उद्यान आहे. जैवविविधतेत जगातल्या सर्वांत समृद्ध जागांपैकी ते एक. बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या आदिवासी जमातीही तिथे राहतात. आणि त्याच जमिनीखाली सुमारे ८५ कोटी बॅरल तेल होते. राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ म्हणाले, तेल आम्ही काढत नाही. बुडणाऱ्या उत्पन्नाची निम्मी रक्कम, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावी. २०१० मध्ये त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निधीही उघडला गेला.

ऑगस्ट २०१३ पर्यंत प्रत्यक्ष जमा झाले सुमारे १.३ कोटी डॉलर. हजार रुपये मागावेत आणि हातावर चारसुद्धा पडू नयेत, तसे! कोरेआंनी योजना गुंडाळली. २०१६ मध्ये तेल उपसणे सुरू झाले.

दोष एकट्या श्रीमंतांचा नव्हता. सरकार बदलले तरी तेल जमिनीतच राहील, याचा भरवसा देणाऱ्यांना वाटेना. उद्या प्रत्येक तेलवाला देश असेच मागेल, ही धास्तीही होती.

ब्राझीलने २००८ मध्ये वेगळी वाट धरली. आधी जंगलतोड कमी करून दाखवायची, मग त्या प्रमाणात पैसे घ्यायचे. नॉर्वेने एक अब्ज डॉलरपर्यंत देण्याचे कबूल केले आणि पैसे खरोखर आले. २००४ मध्ये वर्षाला सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२ मध्ये ४,६०० वर आली होती. पण २०१९ मध्ये नव्या सरकारने निधीच्या समित्याच बरखास्त केल्या आणि काम अडले. २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

फौजेत आम्ही कागदावरची रसद मोजत नसू, चौकीवर पोहोचलेली मोजत असू. हवामान निधीचा मोठा आकडा ऐकलात की तुम्हीही विचारा: जाहीर किती, जमा किती? त्यात अनुदान किती, कर्ज किती?

आणि यासुनीचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०२३ मध्ये इक्वेडोरमध्ये सार्वमत झाले. सुमारे ५९ टक्के लोकांनी कौल दिला, तेल जमिनीतच राहू द्या. या वेळी बाहेरून कोणी पैसे देऊ केले नव्हते.

जय हिंद.