कोलकात्याचा एक दिवस आणि नव्वद मिनिटांचा खेळ

"मुलीला फुटबॉल दाखवायला थेट कोलकात्याला? त्या पैशात तिची वर्षभराची शिकवणी झाली असती!" आमच्या वस्तीतील एका ज्येष्ठांनी आम्हाला असे तोंडावर सुनावले. त्यांचे बोलणे वाईट हेतूचे नव्हते. कारकुनाच्या पगारात घर चालविणाऱ्याने प्रत्येक रुपयाचा हिशेब दिलाच पाहिजे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्च आमच्या हाडीमाशी खिळलेला. तरीही आम्ही निघालो, आणि त्या खर्चाच्या बदल्यात काय मिळाले, ते वाचकांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. नागपुरात झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलची गोडी लावणाऱ्या विजय बारसे सरांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. तो पाहिल्यापासून तिने शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर चेंडू मारायला सुरुवात केली. "पोरीच्या जातीला हे शोभते का?" असे बोलणारेही निघालेच. अशा वेळी कार्यालयीन प्रवास सवलत मिळण्याचा योग आला. कुठे जायचे, असे विचारताच ती म्हणाली, "बाबा, मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच!"

ड्युरँड चषकाचा अंतिम सामना या दोन संघांत होणार, हे ठरायला आणि आमची सुटी यायला एकच गाठ पडली. रविवार, ३ सप्टेंबर २०२३. ही स्पर्धा १८८८ साली सिमल्याला सुरू झाली आणि आशिया खंडातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून ती ओळखली जाते. कामगार चळवळीतून ओळख झालेल्या एका बंगाली स्नेह्यांनी तिकिटे मिळविण्याचे पत्करले. मुलीच्या आईला मात्र एकच काळजी होती, "एवढ्या गर्दीत पोरीला न्यायचे?"

सकाळ : नदी, विधानसभा आणि मैदान

शनिवारी हावड्याला उतरून स्टेशनजवळच मुक्काम केला. रविवारी सकाळी स्नेही आले. "जयभीम दादा!" म्हणून त्यांनी हात जोडले. आमच्या सहचारिणीला त्यांनी 'बौदी' म्हटले. बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात.

त्यांनी आम्हाला टॅक्सीत न बसवता लाँचने हुगळी नदी पार करविली. थोड्याशा पैशात हावड्याचा भव्य पूल नदीतून पाहायला मिळाला. बाबूघाटाला उतरून चालत निघालो, तर समोर ईडन गार्डन्स आणि जवळच विधानसभेची इमारत. ती पाहताच आमची पावले थबकली. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याची वाट बंद झाली होती. तेव्हा बंगालच्या प्रांतिक विधिमंडळातील सदस्यांनी त्यांना निवडून दिले. त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे नमःशूद्र सहकारी जिवाचे रान करून झटले. पुढे फाळणी झाली, ती जागा गेली आणि १९४७ च्या जुलैमध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले.

आमचे स्नेही म्हणाले, "दादा, त्याच फाळणीने माझ्या वडिलांना घर सोडायला लावले. आम्ही बोरिशालचे नमःशूद्र. वडील इथे आले तेव्हा जवळ एक पत्र्याची पेटी होती. गाव गेले, जमीन गेली. आपले म्हणायला फक्त ईस्ट बंगाल क्लब उरला."

फुटबॉलच्या क्लबला माणूस 'आपले' का म्हणतो, हे आम्हाला त्या क्षणी उमगले.

विधानसभेपासून जवळच कोलकात्याचे प्रसिद्ध मैदान. तेथेच या जुन्या क्लबांची मैदाने आहेत. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरविले. अकरा खेळाडूंपैकी एकाच्याच पायात बूट होते, बाकीचे अनवाणी. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली.

ईस्ट बंगाल १ ऑगस्ट १९२० चा. जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना हा अन्याय सहन झाला नाही. ते बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी नवा क्लब काढला. पुढे फाळणीनंतर लाखो निर्वासित आले आणि हा क्लब त्यांच्या स्वाभिमानाचा आधार झाला. मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांना 'घोटी' आणि पूर्वेकडून आलेल्यांना 'बांगाल' म्हणतात. घोटींची आवड कोळंबी, बांगालांची हिल्सा मासळी. मोहन बागान जिंकले की घरात कोळंबी शिजणार, ईस्ट बंगाल जिंकले की हिल्सा!

दुपार : दगडातील नावे

तेथून आम्ही चौरंगीवरील भारतीय संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय १८१४ साली स्थापन झाले. येथे भरहूत स्तूपाचे तांबूस दगडाचे कठडे आणि तोरण मांडून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे शिल्प १८७३ साली कनिंगहॅम यांनी उजेडात आणले. जातककथांच्या शिल्पांखाली ब्राह्मी लिपीत नावे कोरली आहेत आणि दान देणाऱ्यांचीही नावे आहेत. त्यांत स्त्रियाही आहेत, हे समजताच मुलगी बराच वेळ त्या दगडासमोर उभी राहिली.

जेवणाला लुची आणि आलूर दम, वर मातीच्या भांड्यातील गोड दही. चौघांचे पोट भरले आणि खिशाला चिमटाही बसला नाही.

नव्वद मिनिटे

धर्मतल्याहून बसने सॉल्ट लेकच्या स्टेडियमला निघालो. ट्रकमधून, मोटारसायकलवरून पोरे चाललेली. कोणाच्या खांद्यावर हिरवा-तांबडा झेंडा, कोणाच्या लाल-पिवळा. हे स्टेडियम १९८४ पासूनचे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला येथे एक लाख एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. भाईचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या जोरावर ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला.

आम्ही लाल-पिवळ्या बाजूला बसलो. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले आणि आमची गॅलरी उसळली. आता अकराविरुद्ध दहा! पण ७१ व्या मिनिटाला मोहन बागानच्या दिमित्री पेत्रातोसने चेंडू जाळ्यात धाडला. पलीकडची बाजू गर्जत होती आणि आमच्याकडे कोणी मेल्यासारखी शांतता. दहा जणांनी १-० ने चषक नेला. मुलगी हळूच आमच्या कानात म्हणाली, "बाबा, एक माणूस कमी असूनही जिंकले!" स्नेह्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही तिला डोळ्यांनीच दटावले.

पंधरा मिनिटे

सामना संपताच सगळे जिन्याकडे धावले. आम्हीही उठलो. स्नेह्यांनी मात्र हात धरून आम्हाला खाली बसविले. "अजून पंधरा मिनिटे."

गॅलरी रिकामी होईतो त्यांनी जे सांगितले, ते आम्ही विसरणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा लीग सामना होता. प्रेक्षकांत मारामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जण प्राणास मुकले. स्नेह्यांचे थोरले बंधू तेव्हा गॅलरीत होते. मध्यरात्री ते अनवाणी घरी पोचले. चपला तेथेच राहिल्या होत्या. आई दारातच बसून होती. ती रागावली नाही, फक्त एवढेच म्हणाली, "सगळ्यांत शेवटी निघत जा." तेव्हापासून त्या घरातला माणूस गॅलरीतून शेवटी निघतो. त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्टला रक्तदान शिबिरे भरतात.

आम्हाला दीक्षाभूमीची आणि चैत्यभूमीची आठवण झाली. तेथेही लाखोंची गर्दी असते. आयाबाया, म्हातारेकोतारे, लेकरे असतात. गर्दीला शिस्त असली की ती समाज होते, नसली की तीच आपली लेकरे तुडवते. मुलीच्या आईने स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना मुलीचा हात धरला होता, पण तिच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती.

मुक्काम जादवपूरकडे, स्नेह्यांच्या घरी होता. दार उघडले तो कोळंबीचा वास! त्यांच्या पत्नी घोटी घराण्यातील, मोहन बागानच्या पाठीराख्या. हसत हसत त्यांनी नवऱ्याच्या ताटात पहिली वाढ केली. त्यांनीही मान खाली घालून खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली.

पुढे काय?

१८ ऑगस्ट २०२४ रोजी स्नेह्यांचा फोन आला. तेथील रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. शहर पेटून उठले होते आणि सुरक्षेच्या कारणाने त्या दिवसाचा सामना रद्द केला होता. "दादा, आज लाल-पिवळे आणि हिरवे-तांबडे झेंडे रस्त्यावर एकत्र होते. न्याय मागत होते. आम्ही दोघेही गेलो होतो."

वाचकांपैकी कोणी जाणार असेल, तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. ऑगस्ट २०२५ पासून हावड्याहून नदीखालून जाणारी मेट्रो सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत सलग धावते. मोठ्या पिशव्या घेऊन जाऊ नका, आणि लेकरांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आता त्या ज्येष्ठांचा हिशेब. शिकवणीचे पैसे खर्च झाले, हे खरे. पण परतताना रेल्वेत मुलीने विचारले, "बाबा, मुलींमध्ये मोठी खेळाडू कोण?" आम्ही बंगालच्या शांती मल्लिक यांचे नाव सांगितले. १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. नागपूर येईपर्यंत तिने आमच्या डायरीत वस्तीतील अकरा मुलींची नावे लिहून काढली होती. आज त्यांपैकी सात जणी रोज सकाळी शाळेच्या मैदानावर खेळतात. चौघींच्या घरून अजून परवानगी नाही. त्या चार घरी आम्ही जाणारच आहोत. वाचकहो, तुमच्या वस्तीतही अशी घरे असतील. तुम्हीही जा.