गहूं आणि निदण : खरें पत्र कसें ओळखूं यावें?

शेतांत गव्हाबरोबर निदण उगवतें, आणि कोवळेपणीं दोहोंचीं पातीं एकमेकांसारखींच दिसतात. शुभवर्तमानांतील दाखल्यांत धनी चाकरांस निदण उपटूं देत नाहीं. कां, तर त्याबरोबर गहूंही उपटला जाईल. लेखनाच्या क्षेत्रांतही हीच अडचण आहे. आपण प्रामाणिकपणें लिहिलेलें पत्र वाचणारानें कचरा समजून न वाचतांच टाकून द्यावें, याहून लेखकाची मोठी हानि कोणती? ती कशी टाळावी, याचा येथें विचार करूं.

प्रथम निदणाचीं लक्षणें पाहूं. अमरावती किंवा अकोला येथील वडील माणसांस विचारा. पूर्वीं टपालानें येणारीं साखळीपत्रें त्यांस आठवतील. पत्राच्या इतक्या नकला करून पाठविल्यास धनलाभ होईल, न पाठविल्यास अनिष्ट घडेल, असा त्यांतील मजकूर असे. खालीं सही नाहीं, गांव नाहीं. लोभ, भय, घाई आणि निनावीपणा हीं त्यांचीं चार लक्षणें. आतां एखाद्या खेड्यांतील मुलांनीं वाचनालयासाठीं जुनीं पुस्तकें मागणारें पत्रक काढलें, पण त्यावर नांव घातलें नाहीं आणि मोठमोठ्या अक्षरांत 'त्वरा करा' असें छापलें, तर तेंही त्याच ढिगांत पडून चुलींत जाईल. पत्रक खरें असूनही मुलें पुस्तकांस मुकतील.

नांवाचें महत्त्व कायद्यानेंही ओळखलें आहे. छापील कागदावर मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण स्पष्ट असावें, असा 1867 च्या छापखानेविषयक कायद्याचा दंडक होता. त्या कायद्याची जागा 2023 च्या नव्या कायद्यानें घेतली; परंतु निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते असलेच पाहिजेत, असें 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत आजही आहे. जो नांव देतो, तो आपल्या शब्दांची जबाबदारी घेतो.

वृत्तपत्रांनीं विश्वास मिळविला तो याच मार्गानें. बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' मुंबईस 6 जानेवारी 1832 रोजीं निघालें; अमेरिकन मिशननें अहमदनगर येथें 1842 सालीं 'ज्ञानोदय' सुरू केला; आपल्या वऱ्हाडांत ब्रिजलाल बियाणी यांनीं अकोल्याहून 'मातृभूमि' काढलें. ठरलेलें नांव, ठरलेला दिवस आणि उत्तर देण्यास बांधलेला संपादक, यांमुळें वाचक अंक हातीं घेतांना साशंक होत नसे.

आज विद्युत्पत्रांतून निदण वेंचण्याचें काम यंत्रें करतात. अशा नकोशा पत्रांस 'स्पॅम' म्हणतात. हें मूळचें 1937 सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या डबाबंद मांसाचें नांव. 1970 सालच्या एका इंग्रजी विनोदी प्रवेशांत हा शब्द इतक्या वेळां उच्चारला जातो कीं, बाकीचें संभाषण त्यांत बुडून जातें. त्यावरून हा अर्थ रूढ झाला. पत्र ज्या पत्त्यावरून आल्याचें सांगतें तेथूनच तें आलें आहे काय, त्या ठिकाणच्या पूर्वीच्या पत्रांस लोकांनीं कचरा ठरविलें होतें काय, आणि मजकूर ठाऊक असलेल्या कचऱ्यासारखा आहे काय, हें यंत्र तपासतें. मात्र यंत्र हेतु जाणत नाहीं. म्हणून त्याच्या हातून कधीं कधीं गहूंही उपटला जातो.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं पुढील नियम पाळावे. पत्रावर आपलें नांव, गांव व तारीख अवश्य घालावी. ज्यास त्या विषयाशीं कर्तव्य आहे त्यासच लिहावें. एकच मजकूर शेंकडों अनोळखी लोकांस धाडूं नये. आपलें काम पहिल्याच वाक्यांत सांगावें. मोठीं आश्वासनें व उद्गारचिन्हांच्या रांगा टाळाव्या. अपरिचितास पहिल्याच पत्रांत जोडपत्रांचा भारा पाठवूं नये. आणि कोणी 'पुरे' म्हटल्यास तत्काळ थांबावें.

हीं बाह्य लक्षणें लबाड मनुष्यही उचलूं शकतो, हें खरें. परंतु वर्षानुवर्षें तोच शब्द, तीच सही आणि तेंच वर्तन राखणें त्यास जड जातें. म्हणून पालकांनीं मुलांस सुवाच्य अक्षराबरोबर आपल्या लिखाणाखालीं निर्भयपणें सही करण्याचीही संवय लावावी. जें लिहून त्याखालीं आपलें नांव घालण्यास मन कचरतें, तें पाठवूंच नये.