सेंद्रिय गुळाची ढेप आणि सरकारचा शिक्का

उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळा तालुक्यातल्या एका वस्तीवर मागल्या हंगामात आम्ही गेलो होतो. तिथल्या बायांच्या बचत गटाने गूळ केला होता. ऊस गटातल्या तिघींच्या घरच्या तुकड्यांतला, शेणखतावर वाढवलेला. मळी काढायला हायड्रॉस पावडर नाही, रानभेंडीचा चिक. गूळ काळपट तांबूस, पण तोंडात टाकला की लहानपणीची काकवी आठवावी असा. आणि हा गूळ भरलेल्या दोनशे पिशव्या घराच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या! पिशवीवर ठळक छापलेले, ‘शुद्ध सेंद्रिय गूळ’. पुण्याच्या एका दुकानदाराने नमुना चाखून मागणी दिली होती. माल पोचल्यावर त्याने प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते, म्हणून माल परत आला. जाण्या-येण्याचे भाडे गटाच्या अंगावर पडले.

“आमी काय खोटं बोलतुया व्हय, दादा? चाखून बघा की,” गटाच्या वडीलधाऱ्या ताई आम्हाला म्हणाल्या.

त्या खोटे बोलत नव्हत्या, आणि दुकानदारही आडमुठा नव्हता. ‘सेंद्रिय’ हा शब्द आता नुसता कौतुकाचा राहिलेला नाही, तो कायद्याचा झाला आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय खाद्यपदार्थांचे विनियम केले आणि १ जुलै २०१८ पासून ते लागू झाले. दोन पद्धतींपैकी एकीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय खाण्याची वस्तू सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. प्रमाणपत्र असेल तर पिशवीवर ‘जैविक भारत’ची खूण छापता येते. ‘गावरान’, ‘घरगुती’ हे शब्द त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पण याच नियमात गरिबासाठी एक दार उघडे ठेवलेले आहे, आणि तेच आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. स्वतः पिकवणारा लहान शेतकरी किंवा उत्पादकांचा गट आपला माल थेट खाणाऱ्याच्या हातात देत असेल, तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. २०१८ साली या सुटीसाठी वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा घातली गेली. म्हणजे हाच गूळ ताईंनी टेंभुर्णीच्या बाजारात स्वतः बसून विकला असता तर अडचण नव्हती. मध्ये दुकानदार आला आणि सूट संपली. सूट असली तरी ‘जैविक भारत’ची खूण मात्र छापता येत नाही, आणि अन्न परवान्याची नोंदणी तर साध्या गुळालाही चुकत नाही.

आता त्या दोन पद्धती. पहिली वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा संस्थेची, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. परदेशी माल पाठवायचा तर हीच लागते. तीत मान्यताप्राप्त संस्थेचा तपासनीस रानात येतो. हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षे आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षे रासायनिक खत-औषध बंद असावे लागते. लहान शेतकऱ्यांना गटाने जाता येते, पण गटात किमान २५ जण लागतात आणि प्रत्येकाची वही, नकाशा व तपासणी गटाने स्वतः ठेवावी लागते. शिवाय प्रमाणपत्र एकट्या रानाचे असून भागत नाही. ऊस सेंद्रिय, पण गुऱ्हाळ दुसऱ्याचे असेल तर त्या गुऱ्हाळाचेही प्रमाणपत्र लागते. सकाळी त्याच काहिलीत दुसऱ्याचा रस हायड्रॉस घालून आटवला आणि दुपारी आपला, तर आपला गूळ सेंद्रिय राहत नाही. ताईंचा गूळ भाड्याच्या गुऱ्हाळात झाला होता. ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

दुसरी पद्धत कृषी मंत्रालयाची, पीजीएस नावाची. हिच्यात शेतकरीच एकमेकांची राने तपासतात. एकाच गावचे किंवा जवळपासचे पाच शेतकरी असले की गट होतो. माल देशातच विकायचा, परदेशी नाही. अर्ध्या रानात शेणखत आणि अर्ध्यात युरिया असे इथे चालत नाही. कुणी रात्री गुपचूप फवारा मारला तर डाग सगळ्या गटाला लागतो. आमच्या मते बचत गटात हप्त्याचा पैसा-पैसा मोजणाऱ्या बायांना ही पद्धत जमण्यासारखी आहे.

धरणाकाठच्या अडचणी मात्र कागदावर दिसत नाहीत. उजनी १९८० साली पुरे झाले, आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून याच पाण्यात येते. जलपर्णी आणि हिरवट तवंग काठावरच्या माणसाला नवा नाही. पाणी असे म्हणून प्रमाणपत्र आपोआप नाकारले जाते असे नाही, पण शंका आली तर तपासनीस पाणी-माती तपासायला लावू शकतो. दुसरी अडचण बांधाची. शेजाऱ्याच्या उसावरचा फवारा वाऱ्याने आपल्याकडे येतो, म्हणून बांधालगत पट्टा सोडावा लागतो आणि त्या पट्ट्यातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. दीड एकरवाल्याच्या रानात पट्टा सोडून उरते किती?

आणि ज्यांना रानच नाही ते? उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळपेरीच्या जमिनी हंगामापुरत्या कसायला मिळतात. त्या गाळात खत न घालताही पीक येते. तरी प्रमाणपत्राच्या हिशेबात हे रान अवघडच. पुढल्या वर्षी तोच तुकडा मिळेल याची खात्री नाही, मागच्या दोन वर्षांची वही नाही, आणि पावसाळ्यात सगळे पुन्हा पाण्याखाली. भूमिहीनांच्या वाट्याला आलेल्या या मातीचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला आम्हाला तरी दिसला नाही.

पैसे घेऊन ‘लगेच सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणारे लोकही आता वस्त्यांवर फिरू लागले आहेत. दोन वर्षांची वही नसताना लगेच मिळणारा कागद कसला असणार, हे घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी विचारून घ्यावे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात पीजीएसची चौकशी करता येते.

त्या दिवशी आम्ही निघेपर्यंत गटातल्या पोरींनी खळ करून पिशव्यांवरच्या ‘सेंद्रिय’ शब्दावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या होत्या. तेवढा माल दुकानाला साधा गूळ म्हणून जाणार होता, उरलेला ताई बाजारात बसून विकणार होत्या. पीजीएसच्या गटाला रानवाल्या तिघी होत्या, चौथी शेजारच्या वस्तीवर मिळाली. पाचवा म्हणून बांधाशेजारचा ऊसवाला यावा अशी ताईंची इच्छा आहे. तो आला तर फवाऱ्याचाही प्रश्न मिटतो. तो अजून हसण्यावारी नेतो आहे. ताईंच्या सुनेने मात्र शंभर पानी वही आणली आहे, आणि पहिल्या पानावर तारीख टाकून लिहिले आहे, ‘दोन गाड्या शेणखत, घरचे.’