प्रागच्या भिंतीवरची नावं

प्रागला लोक जातात ते चार्ल्स पूल, किल्ला आणि जुन्या चौकातलं घड्याळ पाहायला. आम्ही सहा मित्रमैत्रिणी, सगळे सत्तरीच्या आसपासचे, आम्हीही ते पाहिलं. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल सुंदर आहे, पण गर्दी फार. मला सांगायचं आहे ते योसेफोव्हबद्दल, म्हणजे तिथल्या जुन्या यहुदी वस्तीबद्दल.

बालमित्रांनो, आधी तुमच्यासाठी एक गंमत. तिथल्या यहुदी टाउन हॉलवर एक घड्याळ आहे. त्यावर आकडे नाहीत, आलेफ, बेत, गिमेल अशी अक्षरं आहेत. हिब्रू आपण उजवीकडून डावीकडे वाचतो ना, तसे त्याचे काटेही उलटे फिरतात! आमच्यातले एक भाऊ मनगटावरचं घड्याळ समोर धरून किती तरी वेळ वेळ जुळवत उभे होते.

शेजारीच 'जुनं-नवं' सिनेगॉग. सुमारे १२७० सालचं, आणि तिथे अजून प्रार्थना होते. रस्त्यावरून काही पायऱ्या खाली उतरून आत जावं लागतं. रब्बी लोव यांनी नदीकाठच्या मातीचा गोलेम नावाचा राक्षसासारखा राखणदार केला आणि त्याची माती अजून याच्या माळ्यावर आहे, अशी दंतकथा सांगतात. माळ्यावर कोणाला सोडत नाहीत, त्यामुळे कथा सुरक्षित आहे!

तिथून थोडं चालल्यावर पिंकास सिनेगॉग लागतं. आत गेल्यावर आमची बडबड आपोआप बंद झाली. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० यहुद्यांची नावं भिंतींवर हातानं लिहिली आहेत. लांबून भिंतीवर बारीक नक्षी असावी असं वाटतं. जवळ जाऊन चष्मा लावला की कळतं. नावं गावांप्रमाणे लावली आहेत. गाव, मग आडनाव, मग घरातल्या एकेकाचं नाव, जन्मतारीख आणि तो माणूस हयात असल्याची शेवटची नोंद असलेली तारीख. आपली आडनावंही गावांवरूनच आली, पेणकर, रोहेकर, नागावकर. पेण, रोहा, नागाव अशी एकेक गावं भिंतीवर लिहिली आहेत आणि त्यांतलं कोणीच मागे उरलं नाही, अशी क्षणभर कल्पना करा.

ही नावं पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली. १९६८ मध्ये जमिनीतल्या पाण्याच्या ओलीमुळे इमारत बंद केली आणि पुढे कम्युनिस्ट राजवटीत नावं पुसली गेली. १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा लिहिली. एवढी मेहनत कोणी उगाच करत नाही.

आपल्यात काही जण म्हणतात, "शोआ हे युरोपातल्यांचं दुःख, आपल्याला भारतात कोणी छळलं नाही." छळलं नाही हे खरं, आणि त्याबद्दल भारताचे उपकार मोठे. पण म्हणून ही नावं परकी होत नाहीत, असं माझं मत. आमच्यातल्या एका बाईंनी एका गावाची नावं हळू आवाजात वाचायला घेतली. त्यांचा गळा दाटला, तेव्हा दुसरीनं पुढची वाचली.

वरच्या मजल्यावर तेरेझिन छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई तिथे मुलांना चोरून शिकवायच्या आणि प्रत्येकाला चित्रावर स्वतःचं नाव घालायला सांगायच्या. १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला नेऊन मारलं. त्यांनी लपवून ठेवलेल्या दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं मिळाली. घरं, फुलं, फुलपाखरं. तुम्ही काढता तशीच.

बाहेर पडलं की जुनं कबरस्तान. सर्वांत जुना दगड १४३९ चा, शेवटचं दफन १७८७ चं. नवी जागा मिळेना, म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून पुन्हा दफन करत. सुमारे १२,००० दगड एकमेकांना रेलून उभे आहेत. दगडांवर नावाचं किंवा धंद्याचं चित्र असतं. लोव म्हणजे सिंह, म्हणून रब्बींच्या कबरीवर सिंह. गान्स म्हणजे हंसासारखा पक्षी, म्हणून डेव्हिड गान्स यांच्या कबरीवर तो. शिंप्याच्या दगडावर कात्री. आम्ही म्हटलं, आपल्या शनवार तेल्यांच्या कबरींवर तेलाचा घाणाच कोरला असता!

जाणार असाल तर शनिवार आणि सणाचे दिवस सोडून जा, तेव्हा हे सगळं बंद असतं. रस्ते दगडी आहेत, गुडघे दुखतात. मऊ बूट घाला.