सहेरीला निळी, इफ्तारला हिरवी

ईदच्या आधी घराला रंग द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा बैठकीच्या खोलीचं काम शाबान महिन्यातच उरकायचं ठरलं होतं. पण रंग कोणता, यावर घरात एकमत होईना आणि त्या वादात रमजानचा चाँद दिसला.

अम्मीला हिरवा हवा होता. तिच्या सासूच्या काळापासून नांद्यातल्या आमच्या घराची पुढची भिंत हिरवटच होती. माझी लेक नववीत आहे. ती म्हणाली, "दादी, हिरवा नको. निळा देऊ." का, म्हणून विचारलं तर आधी गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मैत्रिणी येतात ना घरी. हिरवी भिंत बघितली की लोक लगेच काहीतरी समजतात."

अम्मी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पावसाळ्यात अख्खा मुळशी तालुका हिरवा होतो. त्याला कोण काय म्हणतं?"

दोघींचंही खोटं नव्हतं. रंगांची वाटणी मोठ्यांनी केली आणि तिचा हिशेब चौदा वर्षांच्या पोरीला द्यावा लागतोय, हे मला टोचलं. शेवटी दुकानातून शेडकार्ड आणलं. हिरव्याच्या पानावरून निळ्याच्या पानाकडे जाताना मधे एक छटा लागली. इंग्रजीत तिला 'टील' म्हणतात. आपल्याकडे साडीच्या दुकानात याच रंगाला मोरपंखी म्हणतात.

टील हे मुळात एका छोट्या बदकाचं नाव. मराठीत हे चक्रांग बदक. नराच्या तपकिरी डोक्यावर डोळ्यापासून मागे जाणारा चमकदार पट्टा असतो, त्यावरून रंगाला नाव पडलं. हिवाळ्यात ही बदकं उत्तरेकडून आपल्या तळ्यांवर उतरतात. म्हणजे नाव परदेशी असलं तरी पाहुणा दरवर्षीचाच.

अम्मीने शेडकार्ड खिडकीशी नेऊन निरखलं आणि म्हणाली, "हा तर मोरचुदाचा रंग."

मग मलाही आठवलं. डब्यातला रंग परवडत नव्हता तेव्हा गावात भिंतींना चुन्याची सफेदी असायची. चुना रात्रभर भिजत घालायचा, गाळायचा, भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालायचा. ज्याला रंग हवा तो त्यात नीळ कालवायचा किंवा मोरचूद. चुन्यात मोरचूद पडलं की निळसर हिरवी झाक यायची. शिवाय तांबं आणि चुना, दोन्हींमुळे भिंतीवर बुरशी सहसा धरत नसे. द्राक्षबागायतदार हीच जोडी बोर्डो मिश्रण म्हणून वेलींवर फवारतात. एक टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी सळई बुडवायची, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. म्हणूनच मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत. ते विषारी असतं, तेव्हा हौस म्हणून आज कुणी घरात हा प्रयोग करू नये. पण आपल्या घरांना हा रंग नवा नाही, एवढं खरं.

घरांनाच कशाला? दौलताबादच्या किल्ल्यातला चाँद मिनार पंधराव्या शतकातला. त्यावर एके काळी चकाकत्या इराणी फरशा जडवलेल्या होत्या. त्याच किल्ल्यातल्या चिनी महालाला नाव मिळालं ते अशाच फरशांमुळे. सीमेपलीकडे बीदरला इराणच्या गिलानहून आलेल्या महमूद गवान या बहामनी वजिराने 1472 साली मदरसा बांधला. त्याच्या दर्शनी भागावरच्या रंगीत फरशा अजून थोड्या शिल्लक आहेत. अशा फरशांतला फिरोजी रंग येतो तांब्यापासून. गंमत म्हणजे झिलईत क्षार जास्त असेल तर तेच तांबं निळसर दिसतं आणि शिसं असेल तर हिरवं. धातू एकच, पण सोबत कोणाची यावर रंग ठरतो.

असो. रंग ठरला. पण भिंतीच्या बाबतीत आमचे हात एकदा पोळलेले आहेत. दिवाळीचं बरं असतं, ती पाऊस संपल्यावरच येते. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सगळे ऋतू फिरून येतो. 2015 साली तो ऐन जून-जुलैत होता. ईद जुलैत, बाहेर मुळशीचा पाऊस आणि आम्ही हौसेने ओल्या भिंतीवर रंग चढवला. गणपती येईपर्यंत पोपडे सुटले. चूक रंगाऱ्याची नव्हती, घाई आमची होती.

यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी. तरीही रंगारीमामांनी आधी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं नाही, तेव्हाच पॉलिश पेपर हातात घेतला. नवीन गिलावा असेल तर किमान 28 दिवस रंग लावायचा नाही, हेही त्यांचंच सांगणं. सूसपासून चांदे-नांद्यापर्यंत नव्या इमारती उभ्या राहतायत. तिथे ताबा मिळाल्या मिळाल्या रंग काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मामांनी आणखी तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, चारही भिंती मोरपंखी करायच्या नाहीत. गडद रंग उजेड पितो, खोली लहान वाटू लागते. एकच भिंत रंगवा, बाकीच्या हस्तिदंती ठेवा आणि छत पांढरं. दुसरी, शेडकार्डावर विसंबू नका. छोटा डबा आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. तिसरी, गडद छटांच्या रंगात पांढरा भाग कमी असतो. त्यामुळे खालचं नीट झाकायला कधीकधी तिसरा हात लागतो. म्हणून रंग थोडा जास्त आणि एकाच वेळी घ्या. नंतर मशीनवर केलेली छटा तंतोतंत जुळेलच असं नाही.

मामा रोज सकाळी यायचे. घरात सगळ्यांचा रोजा म्हणून ते पाण्याची बाटली बाहेर ओट्यावर ठेवून आले. अम्मीच्या लक्षात आलं. तिने स्वतः चहा करून त्यांच्यापुढे ठेवला. "रोजा आमचा आहे, मामा. तुम्ही कशाला उपाशी राहता?" त्यांनी चहा घेतला, पण तिच्याकडे पाठ करून. चार दिवस हे असंच चाललं.

भिंत वाळल्यावर पहिली सहेरी झाली. पहाटेचा अंधार, वर पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब. लेक डोळे चोळत दस्तरख्वानवर येऊन बसली आणि हसली. "बघा, निळीच आहे!" खरंच निळी दिसत होती. अम्मी काही बोलली नाही.

संध्याकाळी इफ्तारची तयारी सुरू झाली. खजुराचं ताट आलं, कलिंगडाच्या फोडी झाल्या. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आत आलं आणि भिंतीवर पडलं. अजान झाली, सगळ्यांनी रोजा सोडला, कोपऱ्यातला पिवळा दिवा लागला. अम्मी पाण्याचा घोट घेऊन शांतपणे म्हणाली, "आता सांग, कोणता रंग?" भिंत हिरवी दिसत होती.

यात चमत्कार काही नाही. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उजेड. त्यात निळा भाग कमी, म्हणून मोरपंखी हिरव्याकडे झुकतो. 6500 म्हणजे पांढरा, निळसर उजेड. त्यात तोच रंग निळा दिसतो. म्हणून या रंगाची भिंत करताना दिवा कोणता, हेही रंगाबरोबरच ठरवावं. पिवळ्या दिव्यात या भिंतीपुढे पितळेची भांडी, सागवानी लाकूड, मोहरीच्या रंगाची उशी, विटकरी कुंडी हे सगळं खुलून दिसतं. आम्ही नवीन काही घेतलं नाही. माळ्यावरचं दादीचं पितळी तबक तेवढं चिंचेने घासून भिंतीला लावलं.

आता घरात रोजचा खेळच झाला आहे. सहेरीला लेक जिंकते, इफ्तारला अम्मी. गेल्या शुक्रवारी लेकीच्या तिघी मैत्रिणी इफ्तारला आल्या. एकीने विचारलं, "हा रंग कोणता गं?" लेक काय सांगते म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. ती म्हणाली, "दादीला विचार, तिला याचं नाव माहितीये." मग अम्मीने त्या चौघींना चुना कसा भिजवायचा इथपासून सगळं सांगितलं. भजी गार झाली.

मामा जाताना बजावून गेले होते, छटेचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वेळी लागेल. लेकीने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नंबर लिहिला, तारीख टाकली. त्याखाली अम्मीने तिच्याकडून एक शब्द लिहून घेतला : मोरचुदी.